जुन्या गाडीचे शॉकअप बदलताना

जानेवारी 2023 मध्ये लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात '21 गन सॅल्यूट' हे जुन्या गाड्यांचे प्रदर्शन भरले होते. तिथे राजेरजवाड्यांच्या गाड्या दिमाखात उभ्या होत्या. आपल्या घरांतली जुनी गाडी मात्र बहुधा आजोबांनी नंबर लावून, वाट पाहून घेतलेली फियाट किंवा प्रीमियर पद्मिनी. ती चालती ठेवायची तर शॉकअपचा खर्च कधी ना कधी येतोच. इथल्या गॅरेजमध्ये त्यांना 'जंपर' म्हणतात. आमच्या पद्मिनीच्या बाबतीत आम्ही यात एकदा चुकलो, म्हणून ही माहिती.

शॉकअपचे काम काय?

गाडीचे वजन शॉकअप पेलत नाही, ते स्प्रिंग पेलते. पद्मिनीला पुढे गोल स्प्रिंगा आणि मागे पाटे असतात. खड्ड्यातून गेल्यावर स्प्रिंग वरखाली होतच राहते; तिला आवरतो तो शॉकअप. नळकांड्यातल्या तेलातून दट्ट्या सरकतो, तेल बारीक भोकांतून अडत जाते आणि उसळी तिथेच जिरते. शॉकअप निकामी झाला की चाक क्षणभर रस्ता सोडते, आणि त्या क्षणी ब्रेक दाबून उपयोग नसतो. म्हणून हा प्रश्न नुसत्या आरामाचा नाही.

आधी खात्री करा

गाडीचा एक कोपरा जोराने दाबून सोडा. वर येऊन स्थिरावला तर ठीक. दोन-तीनदा डोलत राहिला तर शॉकअप गेला. नळकांड्यावर तेलाचे ओघळ असतील तरीही बदलायलाच हवा. ब्रेकरवर नुसता 'खट्' आवाज येत असेल तर पहिल्यांदा रबरी बुश पाहा. पुष्कळदा तेवढे बदलून भागते. गाडी एका बाजूला बसली असेल तर दोष स्प्रिंगचा किंवा पाट्यांचा, शॉकअप बदलून ती वर येणार नाही.

निवड कशी करावी?

मूळ गाडीचाच भाग मिळाला तर उत्तम. पद्मिनीचे उत्पादन 2000 च्या सुमारास थांबले, पण मुंबईत ती टॅक्सी म्हणून 2023 पर्यंत धावत होती. त्यामुळे शोध घेतल्यास तिचे भाग अजून सापडतात. मात्र दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या कोऱ्या शॉकअपचेही सील सुकते. तो उभा धरून चार-पाच वेळा दाबून-ओढून पाहा. दांडी अडखळू नये की मध्येच सैल पडू नये.

मूळ भाग नाहीच मिळाला तर दुसऱ्या गाडीचा चालतो, पण चार गोष्टी जुळायला हव्यात:

1. पूर्ण दाबलेली आणि पूर्ण उघडलेली लांबी.
2. टोकांचा प्रकार, म्हणजे कडी की पिन, आणि बुशच्या भोकाचे माप.
3. नळकांड्याची जाडी.
4. कडकपणा.

आम्ही पहिल्या तीन गोष्टी मोजल्या आणि चौथी सोडली. एका जड गाडीचे शॉकअप स्वस्तात मिळाले, 'मजबूत आहेत' म्हणून मागे बसवले. गाडी प्रत्येक ब्रेकरवर आदळू लागली आणि काही महिन्यांत चासीवरचा जुना ब्रॅकेट तडकला. जेवढे वाचवले त्याहून जास्त वेल्डिंगला गेले. म्हणून वजनाने आपल्या गाडीच्या जवळची गाडीच शोधा. गॅसचे शॉकअप सहसा महाग आणि जास्त कडक असतात. घरगुती वापराला साधे तेलाचे पुरतात.

मॉरिस मायनरसारख्या ब्रिटिश गाड्यांत नळकांड्याऐवजी दांडा असलेला शॉकअप असतो. तो लगेच भंगारात देऊ नका. त्याला तेल भरायचे बूच असते. सील शाबूत असेल तर शॉकअपचे योग्य तेल भरून तो पुन्हा काम देतो. इंजिन ऑइल मात्र घालू नका.

कुठे काटकसर करू नये?

शॉकअप जोडीनेच बदला. चारही एकदम परवडत नसतील तर आधी पुढचे दोन किंवा मागचे दोन, पण एकटा कधीच नको. बुश नवेच घाला आणि गाडी चारही चाकांवर उभी असताना त्यांचे नट शेवटचे आवळा, नाहीतर रबर पिळले जाऊन लवकर फाटते.

आणखी एक. जुलै 2021 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला 50 वर्षे झालेली खासगी गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते, पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. तेव्हा परका शॉकअप बसावा म्हणून मिस्त्रीने चासी कापायचे सुचवले तर सरळ नाही म्हणा. शॉकअप पुन्हा मिळेल, कापलेली चासी पूर्ववत होत नाही.

जुने शॉकअप काढल्यावर टाकून देऊ नका. त्यांना पुढचे-मागचे अशी चिठ्ठी बांधून ठेवा. दुकानात दाखवायला त्याहून चांगला नमुना नाही, आणि पुढे गाडी सांभाळणाऱ्या मुलांनाही तो उपयोगी पडेल.