गर्भाशयमुखाचा कर्करोग व गृहिणींचें मौन

आपल्या घरांतील स्त्रिया आजार अंगावर काढतात व त्यांतच कुलीनता मानतात, हें वाचकभगिनींस निराळें सांगावयास नको. परंतु ज्या व्याधीचा उच्चारही करूं नये अशी समजूत असते, ती आंतल्या आंत वाढत जाते. गर्भाशयमुखाचा कर्करोग ही अशीच व्याधि होय. आज ती बव्हंशीं टाळतां येण्याजोगी झाली आहे. म्हणूनच तिजविषयीं चार शब्द स्पष्टपणें लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम कारण पाहूं. या रोगाच्या मुळाशीं पॅपिलोमा नांवाचा विषाणु आहे, असें जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड झुर हाउसेन यांनीं दाखविलें. त्याबद्दल त्यांस २००८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. हा विषाणु समागमानें पसरतो. तथापि तो इतका सर्वसामान्य आहे कीं, बहुतेक स्त्रीपुरुषांस आयुष्यांत केव्हांना केव्हां त्याचा संसर्ग होतो व बहुधा दोनएक वर्षांत तो आपोआप नाहींसा होतो. तेव्हां तो आढळला एवढ्यावरून कोणाच्या शीलाविषयीं तर्क बांधणें हा निव्वळ अन्याय होय. थोड्या जणींत मात्र तो ठाण मांडून बसतो; तेथून कर्करोग होण्यास सामान्यतः १५ ते २० वर्षें लागतात.

हा दीर्घ अवकाश हीच आपली संधि. डॉ. जॉर्ज पापानिकोलाऊ यांनीं १९४१ सालीं अमेरिकेंत पेशी सूक्ष्मदर्शकाखालीं पाहून रोग ओळखण्याची रीत प्रसिद्ध केली. त्याहून सोपी रीत अशी कीं, गर्भाशयमुखास सिरक्यांतील सौम्य आम्ल लावावें, म्हणजे विकृत भाग मिनिटभरांत पांढुरका दिसूं लागतो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयानें आरोग्यसेविकांस ही रीत शिकवून वस्त्यावस्त्यांतून तपासणी करविली. डॉ. सुरेंद्र शास्त्री व सहकाऱ्यांनीं २०१४ सालीं प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षानुसार, त्यामुळें या रोगाचे मृत्यु शेंकडा ३१ नीं घटले.

त्याआधीं उस्मानाबाद (आतांचें धाराशिव) जिल्ह्यांतील खेड्यांत ३० ते ५९ वर्षांच्या स्त्रियांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २००९ सालीं प्रसिद्ध झाले. विषाणूची चाचणी एकदांच केलेल्या ३४,१२६ स्त्रियांच्या गटांत आठ वर्षांत या रोगानें ३४ मृत्यु झाले. तपासणी न झालेल्या ३१,४८८ स्त्रियांच्या गटांत ६४. दुसऱ्या गटास तपासणीवांचून ठेवणें न्याय्य होतें काय, असा वाद पुढें विद्वानांत झाला, व तो अस्थानीं नव्हता. पण त्या खेडुत भगिनींनीं जें शिकविलें तें आपण वायां घालवूं नये. विकृति वेळीं सांपडली तर ती गोठवून वा जाळून थोड्या वेळांत नाहींशी करतां येते. गर्भाशय गमवावें लागत नाहीं.

मुलींसाठीं तर याहून उत्तम उपाय आहे. या विषाणूवरील लस २००६ पासून जगांत मिळूं लागली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनें केलेल्या ‘सर्व्हाव्हॅक’ लशीस २०२२ सालीं सरकारी मान्यता मिळाली. जागतिक आरोग्य संघटना ती ९ ते १४ वर्षें वयांत द्यावी असें सांगते, कारण संसर्गापूर्वींच तिचा खरा उपयोग. झालेला संसर्ग ती बरा करीत नाहीं. म्हणून लस घेतलेल्या मुलींनींही पुढें तिशीनंतर तपासणी करवून घ्यावीच.

आतां लक्षणें. पाळी गेल्यावर पुन्हां रक्त जाणें, दोन पाळ्यांमध्यें किंवा समागमानंतर रक्तस्राव होणें, दुर्गंधियुक्त स्राव, यांपैकीं कांहींही दिसतांच वैद्यांकडे जावें. प्रारंभीं मात्र रोग कोणतेंच लक्षण दाखवीत नाहीं. सबब प्रकृति ठणठणीत असतांनाच तपासणी हवी.

घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांस आमची विनंति आहे कीं, सुनांना व लेकींना हें आपण होऊन सांगावें, आणि स्वतःही जावें. पुरुषांनीं सोबतीस चलावें. खर्चाचा व संकोचाचा प्रश्न काढूं नये. मुंजी, लग्नें यांचे मुहूर्त आपण आठवणीनें पाहतों. घरच्या गृहिणीच्या तपासणीचा दिवसही तितक्याच आठवणीनें दिनदर्शिकेंत लिहून ठेवावा.