दार कोणत्या बाजूला उघडते?

जळगाव-धुळ्याकडील जुन्या वाड्यांचे दिंडीदरवाजे नीट पाहा. ते आत उघडतात. मागे अडसर, खाली उंच उंबरठा. बाहेरच्याला आत शिरू न देणे हे त्यांचे काम. पण अशा जुन्या वास्तूत शाळा किंवा वाचनालय भरू लागले, की आणीबाणीच्या वेळी गरज नेमकी उलटी असते. आतल्यांना झटपट बाहेर पडायचे असते.

समजा, दाराशी गर्दी झाली. पुढच्या दहाजणांनी प्रत्येकी १०० न्यूटन बल लावले, तर दारावर १,००० न्यूटन, म्हणजे सुमारे १०० किलोग्रॅम वजनाइतका रेटा पडतो. बाहेर उघडणारे दार या रेट्याने उघडते. आत उघडणारे दार त्याच रेट्याने अधिक घट्ट बसते!

इंग्लंडमधील संडरलंड येथे १८८३ साली व्हिक्टोरिया हॉलमध्ये बक्षिसांसाठी मुले जिना उतरून धावली. खालचे दार त्यांच्याच बाजूला उघडणारे होते. शिवाय जेमतेम एक मूल जाईल एवढी फट ठेवून त्याला खिट्टी लावलेली होती. चेंगरून १८३ मुले दगावली. आग लागलेलीच नव्हती.

आता रुंदीचा हिशेब करू. एक मीटर रुंद दारातून सेकंदाला सुमारे १.३ माणसे बाहेर पडतात. सभागृहात ३०० विद्यार्थी असतील, तर ३०० ÷ १.३ = सुमारे २३० सेकंद, म्हणजे जवळजवळ चार मिनिटे लागतील. दाराची एक फळी खिट्टी लावून बंद असेल, तर रुंदी निम्मी आणि वेळ दुप्पट. खिट्टी काढून ठेवायला मात्र एक पैसाही लागत नाही.

दाराबाहेर काय आहे, हेही महत्त्वाचे. २२ जानेवारी २०२५ रोजी जळगाव जिल्ह्यात परधाडे स्थानकाजवळ आगीच्या अफवेने पुष्पक एक्स्प्रेसचे प्रवासी शेजारच्या रुळांवर उतरले. त्याच रुळांवरून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली किमान १२ जणांचा मृत्यू झाला. बाहेर पडणे म्हणजे सुरक्षित जागी पोहोचणे.

महाराष्ट्रात यासाठी २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. पण खिट्टी कायदा काढत नाही, माणूस काढतो. तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, शिक्षकांच्या मदतीने आपल्या सभागृहाची दारे टेपने मोजा. बंद फळ्या वगळा. ती कोणत्या बाजूला उघडतात ते लिहा आणि वरील भागाकार करा. उत्तर मुख्याध्यापकांना दाखवा.