दुष्काळाची चाहूल कशी लागते?

भूकंप क्षणात होतो, पूर एका रात्रीत येतो. दुष्काळाचे तसे नाही. तो हळूहळू येतो. बीड जिल्ह्यात ऑगस्टमध्ये कपाशीचे रान हिरवे दिसत असते, विहिरीच्या तळाशी पाणीही असते. मग 'दुष्काळ पडला' असे नेमके केव्हा म्हणायचे?

सरकारला हे ठरवावेच लागते. दुष्काळ जाहीर झाला की जमीन महसुलात सूट मिळते, पीककर्जाची वसुली थांबते, शेतीपंपाच्या वीजबिलात सवलत मिळते, गरज असेल तेथे टँकर सुरू होतात. तुमची परीक्षा फीसुद्धा माफ होते! उलट निर्णयाला उशीर झाला, तर दावणीची जनावरे मिळेल त्या किमतीला बाजारात जातात. ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांबरोबर मुलेही गाव सोडतात आणि वर्गातली बाके रिकामी होतात. म्हणून संकट पुरते कोसळण्याआधीच ते ओळखायचे असते.

ही ओळख पटवण्याचे प्रयत्न जुने आहेत. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळानंतर नेमलेल्या आयोगाने १८८० मध्ये अहवाल दिला आणि पुढे दुष्काळ संहिता तयार झाल्या. धान्याचे भाव चढणे, लोक गाव सोडून भटकू लागणे अशा खुणा अधिकाऱ्यांनी टिपाव्यात, असे त्यांत होते. एक युक्ती तर फार मार्मिक होती. खडी फोडण्यासारखे एखादे चाचणी काम काढायचे आणि किती माणसे येतात ते मोजायचे. इतक्या कष्टाच्या कामावर गर्दी झाली, तर घरात दाणा उरलेला नाही हे उघड होते.

आपल्याकडची दुसरी पद्धत आणेवारीची. तिलाच आता पैसेवारी म्हणतात. चांगल्या वर्षाचे पीक १०० पैसे धरले, तर यंदाचे किती? ५० पैशांच्या आत आले, तर टंचाई. त्यासाठी पीक कापणी प्रयोग करतात. शेतातला ठराविक मापाचा तुकडा निवडून तेवढेच पीक कापायचे, मळायचे व वजन करायचे. पण तुकडा कोणता निवडायचा? माणसाचा डोळा नकळत जोमदार पिकाकडे वळतो. म्हणून तुकडा चिठ्ठी टाकल्यासारखा, यदृच्छेने निवडावा लागतो. ही पद्धत भारतात रुजवण्यात सातारा जिल्ह्यात जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा मोठा वाटा आहे.

पैसेवारीत खोट एकच, पण मोठी. पीक कापल्यावर ती कळते. खरिपाची अंतिम पैसेवारी हाती येईपर्यंत डिसेंबर उजाडतो. तोवर ऊसतोडीच्या गाड्या गाव सोडून गेलेल्या असतात.

२०१६ मध्ये केंद्र सरकारने दुष्काळ व्यवस्थापनाची नवी संहिता काढली. तिच्यात पहिली घंटा पावसाची. एकूण पाऊस किती पडला एवढेच नव्हे, तर सलग तीन-चार आठवड्यांचा खंड पडला का, हेही पाहतात. घंटा वाजली की पेरणीचे क्षेत्र, जमिनीतील ओल, धरणे व भूजल आणि उपग्रहाला दिसणारी हिरवाई यांचे आकडे संगणकावर एकत्र तपासतात.

उपग्रहाला हिरवाई कशी कळते? टवटवीत पान तांबडा प्रकाश शोषते आणि डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण परत फेकते. समजा, १०० पैकी ५० भाग अवरक्त आणि ८ भाग तांबडा परतला. दोहोंच्या वजाबाकीला बेरजेने भागा: ४२ भागिले ५८, म्हणजे सुमारे ०.७२. सुकत चाललेल्या रानात हेच आकडे ३० आणि २२ आले, तर उत्तर ०.१५. पान पिवळे पडल्याचे असे आकाशातून कळते. मात्र पावसाळ्यात ढग आडवे येतात, आणि उपग्रहाला बाजरी काय नि तण काय, दोन्ही हिरवेच! म्हणून काही गावे यदृच्छेने निवडून प्रत्यक्ष बांधावर जाऊन पडताळणी करावी लागते. माझ्या मते या साऱ्या व्यवस्थेतली सर्वांत मोलाची पायरी हीच.

आणखी एक सापळा सरासरीचा. समजा, एका तालुक्यातील पाच महसूल मंडळांत ३४०, ३६०, ३८०, ७२० आणि ७५० मिलिमीटर पाऊस पडला. सरासरी आली ५१०. नेहमीचा पाऊस ६५० असेल, तर तालुक्यात ७८ टक्के पाऊस झाला. म्हणजे ठीकच! पण पहिल्या तीन मंडळांत तो साठ टक्केही नाही.

२०२३ मध्ये असाच पेच आला. त्या वर्षीचा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. ३१ ऑक्टोबरला राज्यात ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. बीड जिल्ह्यातील अकरांपैकी वडवणी, धारूर आणि अंबाजोगाई एवढेच तीन तालुके त्यात होते. उरलेल्यांचे काय? नोव्हेंबरमध्ये शासनाने तालुक्याऐवजी मंडळाचा आकडा पाहिला. ज्या मंडळांत जून ते सप्टेंबरचा पाऊस सरासरीच्या ७५ टक्क्यांहून आणि एकूण ७५० मिलिमीटरहून कमी होता, अशी राज्यातली सुमारे एक हजार मंडळे सवलतींस पात्र ठरली. बीडच्या इतर तालुक्यांतली मंडळेही त्यांत होती. पाऊस तोच, मोजमापे तीच. फक्त चाळणी बारीक केली. हे करता आले, कारण मंडळागणिक पाऊस मोजला जातो.

पण एक मंडळ म्हणजेही बरीच गावे. पर्जन्यमापक एका गावात, आणि सर मात्र ओढ्यापलीकडे! तुमच्या शाळेला या कामात भाग घेता येईल. सरळ बाजूंचे, सपाट तळाचे भांडे झाडांपासून व भिंतींपासून दूर, उघड्यावर ठेवा. रोज सकाळी साडेआठला त्यातले पाणी पट्टीने मोजून वहीत नोंदवा व भांडे रिकामे करा. चार महिन्यांनी मंडळाच्या आकड्याशी ताडून पाहा. दोहोंत मोठा फरक आढळला, तर आधी आपले भांडे कलते होते का ते तपासा, आणि मग ती वही घेऊन तलाठ्यांना भेटा.