काळी माती, डांबरी रस्ता आणि मोटारसायकल : आर्णी परिसरातील निसरड्या रस्त्यांचा विचार

यवतमाळच्या दक्षिणेस सुमारे ४० किलोमीटरवर, पुढे पैनगंगेला मिळणाऱ्या अरुणावती नदीच्या काठी आर्णी हे तालुक्याचे गाव वसलेले आहे. नागपूरकडून तुळजापूरकडे जाणारा ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग या गावावरून जातो. दिग्रस, महागाव आणि यवतमाळ या बाजूंना जाणाऱ्या रस्त्यांना जागोजागी शेतांतून येणाऱ्या पांदणी मिळतात. पूर्वी बैलबंडीने होणारी शेतीची पुष्कळशी ये-जा आता मोटारसायकलीवरून होते. खताची पोती, दुधाचे कॅन, फवारणीचा पंप आणि घरातील माणसे या सर्वांचा भार याच वाहनावर असतो. पावसाळ्यात ते घसरून होणारे अपघात इतके परिचित झाले आहेत की त्यांचे कारण शोधण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. पाऊस पडला, रस्ता निसरडा झाला, गाडी घसरली, एवढ्यावर विवेचन संपते.

या उपेक्षेचे मोल थोडे नाही. केंद्र शासनाच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ७४,८९७ जण, म्हणजे शेकडा ४४ हून अधिक, दुचाकीवरील होते. हे सर्व मृत्यू घसरण्यामुळे झाले असे अर्थातच नाही. तथापि ज्या वाहनाचा तोल केवळ दोन चाकांच्या पकडीवर अवलंबून असतो, त्याच्या बाबतीत रस्त्याच्या पृष्ठभागाचा विचार अग्रस्थानी असावयास हवा. प्रस्तुत लेखात आर्णीसारख्या काळ्या मातीच्या प्रदेशापुरता हा विचार केला आहे. या प्रदेशातील मुख्य धोका पाण्याचा नसून, डांबरावर येऊन पडणाऱ्या मातीच्या पातळ थराचा आहे. त्यातही तो थर जेथे एकाएकी सुरू होतो ती जागा सर्वांत घातक असते, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

१. मातीचा स्वभाव

दख्खनच्या काळ्या पाषाणाची झीज होऊन जी कापसाची काळी जमीन तयार झाली, तिच्यात माँटमोरिलोनाइट वर्गाच्या चिकणमातीचे प्रमाण मोठे असते. या मातीचे कण अतिसूक्ष्म व पापुद्र्यांसारखे असून पाणी त्या पापुद्र्यांच्या मधोमध शिरते. त्यामुळे ही जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. पाणी धरून ठेवण्याचा जो गुण कपाशीला आणि तुरीला उपकारक, तोच वाहनाच्या चाकाला अपायकारक ठरतो.

ओलाव्याच्या प्रमाणानुसार मातीच्या अवस्था कशा बदलतात, याची मांडणी स्वीडिश शास्त्रज्ञ अल्बर्ट आटरबर्ग यांनी १९११ साली केली. तिचा येथे चांगला उपयोग होतो. कोरडी असताना ही माती कठीण ढेकळासारखी असते. पाणी मिळताच ती लवचीक व चिकट बनते. या अवस्थेत ती टायरच्या खाचांत भरते, चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये दाटून बसते व प्रसंगी चाक फिरेनासे करते. आणखी पाणी मिळाले म्हणजे ती पातळ राबडीसारखी वाहू लागते व चाक आणि रस्ता यांच्यामध्ये वंगणाचे काम करते. काळ्या मातीत ही वाहती अवस्था येण्यास पाणी बरेच लागते. परंतु डांबरावर पसरलेला थर मुळातच पातळ असल्याने तेवढे पाणी त्याला हलक्या सरीतूनही मिळू शकते.

यावरून एक अनपेक्षित वाटणारी गोष्ट स्पष्ट होते. मुसळधार पावसापेक्षा भुरभुर पाऊस अधिक घसरवणारा असतो. जोराचा पाऊस मातीचा थर धुऊन नेतो. भुरभुर त्याला केवळ भिजवते आणि जागच्या जागी ठेवते. पावसाने उघडीप दिली की शेतात डवरणी सुरू होते, ट्रॅक्टर आणि बंड्या पांदणीतून सडकेवर येतात, त्यांच्या चाकांची माती डांबरावर पडून वाळते व तिची धूळ होते. त्यानंतर येणारी पहिली हलकी सर हीच खरी धोक्याची वेळ होय.

२. पकडीचा हिशेब

चाकाची पकड घर्षणगुणांकाने मोजतात. कोरड्या, चांगल्या डांबरी रस्त्यावर तो साधारणपणे ०.७ च्या आसपास असतो. केवळ पाण्याने ओल्या झालेल्या रस्त्यावर तो ०.४ पर्यंत उतरतो आणि चिखलाचा थर असल्यास ०.२ किंवा त्याहूनही खाली जाऊ शकतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंत पहिल्या स्थितीत सुमारे २० मीटर, दुसऱ्या स्थितीत सुमारे ३५ मीटर आणि तिसऱ्या स्थितीत सुमारे ७१ मीटर अंतर कापते. चालकाला प्रसंग उमजून त्याचा हात ब्रेकवर जाईपर्यंत जो एक सेकंद जातो, त्यातील जवळजवळ १७ मीटर याशिवाय धरावे लागतात.

वळणावर हाच हिशेब अधिक कठोर होतो. ५० मीटर त्रिज्येचे सपाट वळण कोरड्या रस्त्यावर, निदान तत्त्वतः, ताशी ६६ किलोमीटर वेगानेही घेता येईल. पाण्याने ओल्या रस्त्यावर ही मर्यादा ५० वर आणि चिखलावर ३५ वर येते. म्हणजे जे वळण नित्याच्या ४० च्या वेगाने वर्षभर निर्धोकपणे घेतले जाते, तेच एखाद्या सकाळी त्याच वेगाने घेणे पदार्थविज्ञानाच्या दृष्टीनेच अशक्य असते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांत रस्त्याची आखणी करताना आडव्या दिशेची पकड अवघी ०.१५ धरतात. ही सावधगिरी योग्यच आहे. परंतु त्या मानकाने ठरणारा वेग आणि प्रत्यक्षात चालक धरतो तो वेग यांत पुष्कळ अंतर पडते, आणि त्या अंतराची भरपाई कोरड्या डांबराची पकड एरवी निमूटपणे करीत असते. चिखल ही भरपाई काढून घेतो.

३. दोन चाकांची अडचण

चारचाकी वाहन घसरले तरी ते बहुधा उभे राहते. दुचाकीचे तसे नाही. तिच्या प्रत्येक टायरचा जमिनीला टेकणारा भाग तळहाताहूनही लहान असतो, आणि गती देणे, थांबवणे, वळवणे व तोल राखणे ही चारही कामे तेवढ्याच दोन ठिपक्यांनी करावयाची असतात. एका कामात खर्च झालेली पकड दुसऱ्या कामाला उरत नाही. वळणावर झुकलेल्या गाडीने उपलब्ध पकडीचा मोठा भाग आधीच वापरलेला असतो. त्या क्षणी ब्रेक दाबला की बाकीचा हिशेबही संपतो.

मागचे चाक घसरले तर गाडी काही काळ शेपटीसारखी हलते आणि सावरण्याची थोडी तरी संधी मिळते. पुढचे चाक घसरले तर तोल राखण्याचे साधनच नाहीसे होते आणि एक सेकंद पुरा होण्याच्या आत चालक जमिनीवर असतो. मागे पोती किंवा कॅन बांधले असता पुढच्या चाकावरील भार घटतो व सुकाणू हलके होते, ही शेतकरी चालकाची विशेष अडचण होय.

पाण्याच्या जाड थरावर टायर तरंगू लागणे हा धोका मोटारगाडीच्या संदर्भात नेहमी सांगितला जातो. मोटारसायकलीचा टायर अरुंद व गोलाकार असल्याने तो पाणी सहज दुभंगतो. ग्रामीण रस्त्यावरील सामान्य वेगाला हा धोका गौण आहे. येथे विचार करावयाचा तो जाड पाण्याचा नव्हे, तर पातळ राबडीचा.

४. बदलाची जागा

आता मूळ मुद्द्याकडे वळता येईल. पांदणीत घोटाभर चिखल असतो, तरी तेथे जिवावर बेतणारे अपघात क्वचितच होतात. चालकाला चिखल दिसत असतो. तो पहिल्या गिअरमध्ये, दोन्ही पाय खाली सोडून, पायी चालण्याच्या वेगाने गाडी काढतो. पडलाच तर कपडे मळतात. उलट, डांबरी रस्त्यावर वेग आणि विश्वास दोन्ही वाढलेले असतात, आणि मातीचा पट्टा अकस्मात समोर येतो.

ताशी ६० किलोमीटर वेगाने १० मीटर लांबीचा पट्टा ओलांडण्यास ०.६ सेकंद लागतो. मनुष्याची प्रतिक्रिया होण्यास सुमारे एक सेकंद लागतो. याचा अर्थ असा की, चालकाला पट्ट्याची जाणीव होऊन तो काही करील त्यापूर्वीच पट्टा संपलेला असतो. त्या पट्ट्यावर काय घडणार हे प्रवेशाच्या क्षणी गाडी कोणत्या स्थितीत होती यावरूनच ठरलेले असते. गाडी सरळ उभी, ब्रेक सुटलेला आणि गती स्थिर असेल तर ती बहुधा पार होते. झुकलेली किंवा ब्रेक दाबलेली असेल तर बहुधा पडते. 'सांभाळून चालवा' हा उपदेश त्या पट्ट्यावर व्यर्थ आहे. तो काही उपयोगाचा असेल तर पट्ट्याच्या पन्नास-शंभर मीटर अलीकडे.

अशा बदलाच्या जागा सहज ओळखता येतात. पांदणीचे तोंड ही पहिली. डांबर आणि साइडपट्टीचा मुरूम यांची सीमा ही दुसरी. समोरून ट्रक आला की दुचाकीला नेमके तेथेच उतरावे लागते. नाल्यावरील रपटा ही तिसरी. पूर ओसरल्यावर त्यावर गाळ आणि काही दिवसांनी शेवाळ राहते. पुलाच्या सांध्यांवरील लोखंडी पट्ट्या, रस्त्यावरील रंगाचे जाड पट्टे आणि सांडलेले डिझेल हीही त्याच वर्गातील उदाहरणे होत. शिवाय पांदणीतून बाहेर पडलेला चालक स्वतःच्या टायरवर चिखल घेऊन आलेला असतो. चाकाचे काही फेरे होऊन तो झडेपर्यंत पुढे कोरडा रस्ता दिसत असला तरी त्याच्या चाकाखाली तो कोरडा नसतो.

हा प्रश्न पावसाळ्यापुरताच नाही. यवतमाळच्या कडक उन्हाळ्यात डांबर पाझरून वर येते व खडी त्यात बुडते. असे चकचकीत झालेले पट्टे मृगाच्या पहिल्या सरीत काचेसारखे वागतात. सोयाबीनची सोंगणी झाल्यावर शेंगा व दाणे सडकेवर वाळत घातले जातात. हे वाटोळे दाणे कोरड्या रस्त्यावरही चाकाखाली गोट्यांसारखे गडगडतात.

५. उपायांची दिशा

यंत्राकडून मिळणाऱ्या साहाय्याला मर्यादा आहेत. एप्रिल २०१९ पासून १२५ घनसेंटिमीटरहून मोठ्या इंजिनाच्या सर्व नव्या दुचाकींना चाक जखडू न देणारी ब्रेकरचना सक्तीची झाली; त्याहून लहान दुचाकींना दोन्ही चाकांवर ब्रेकचा दाब विभागणारी रचना पुरेशी मानली गेली. शेतीच्या कामात बहुतेक लहान इंजिनाच्याच गाड्या असतात, आणि दाब विभागणारी रचना चाक जखडणे टाळीत नाही. शिवाय कोणतीही ब्रेकरचना नसलेली पकड निर्माण करू शकत नाही.

म्हणून अधिक फलदायी मार्ग रस्त्याकडे पाहण्याचा आहे. पांदण जेथे सडकेला मिळते तेथे पांदणीच्या बाजूला पंधरा ते तीस मीटर लांबीचा, खडी व मुरूम दाबून केलेला टणक तुकडा ठेवला, तर ट्रॅक्टरच्या आणि बंडीच्या चाकांची बरीचशी माती त्या तुकड्यावरच झडते. बांधकामाच्या जागेवरून चिखल बाहेर येऊ नये म्हणून हीच पद्धत इतरत्र वापरली जाते. मुरूम या प्रदेशात मुबलक आहे. राज्य शासनाने २०२१ साली पाणंद रस्त्यांसाठी मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आणली. अशा योजनांच्या कामांत सडकेला लागणाऱ्या शेवटच्या तुकड्याला प्राधान्य दिल्यास शेतकऱ्याची वाट आणि सडकेवरील प्रवास ही दोन्ही साधतील. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९८-अ रस्त्याची आखणी, बांधणी आणि देखभाल यांतील कसुरीबद्दल संबंधितांस दंडास पात्र ठरवते. डांबरावरील माती काढणे हा देखभालीचाच भाग समजला गेला पाहिजे.

या विषयात अभ्यासकांनाही प्रत्यक्ष कार्य आहे. ओल्या पृष्ठभागाची पकड लोलक-यंत्राने मोजण्याची पद्धत ब्रिटनमध्ये रूढ झाली असून, तेथे मुख्य व वर्दळीच्या रस्त्यांना ५५ आणि तीव्र वळणांसारख्या अवघड जागांना ६५ हे किमान अंक सुचवले गेले होते. आर्णीच्या आसपासच्या पांदणींच्या तोंडाशी असे मापन तीन वेळा करावे : पावसाळ्यापूर्वी, उघडीपीनंतरच्या पहिल्या भुरभुरीत आणि मोठा पाऊस होऊन गेल्यावर. या तीन अंकांतील फरक हाती आला म्हणजे कोणत्या पांदणीला टणक तुकडा आधी हवा, कोठे सूचनाफलक किती अंतरावर असावा आणि कोणता रपटा पूर ओसरताच धुवावा, हे अनुमानाने नव्हे तर मोजमापाने ठरवता येईल.