तारांकित प्रश्न आणि त्यामागून येणारा उपप्रश्न

मंत्रिमंडळ हे लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहाला सामुदायिकरीत्या जबाबदार असते. केंद्रापुरते हे राज्यघटनेच्या अनुच्छेद ७५ मध्ये आणि राज्यांपुरते अनुच्छेद १६४ मध्ये लिहिलेले आहे. अविश्वासाचा ठराव वर्षानुवर्षे येत नाही आणि आला तरी भक्कम बहुमताचे सरकार त्याने पडत नाही. ही जबाबदारी रोजच्या कामकाजात दिसते ती प्रश्नोत्तराच्या तासाला. लोकसभेत हा तास सकाळी अकराला सुरू होतो. राज्यसभेत नोव्हेंबर २०१४ पासून तो दुपारी बाराला घेतला जातो. या तासाला मतदान नसते, त्यामुळे पक्षाच्या व्हिपचाही प्रश्न येत नाही. सत्ताधारी बाकांवरचा सदस्य स्वतःच्याच मंत्र्याला उठून प्रश्न विचारू शकतो आणि त्याने सरकार अडचणीत येत असले तरी ते पक्षशिस्तीचे उल्लंघन ठरत नाही. सभागृहाच्या दुसऱ्या कोणत्याही कामकाजात एकट्या सदस्याच्या हाती एवढी ताकद नसते.

या प्रथेचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. ब्रिटनमध्ये पहिल्या प्रश्नाची नोंद १७२१ ची, साउथ सी कंपनीच्या घोटाळ्यातली, म्हणजे पैशाच्या अफरातफरीबद्दलचीच. भारतात १८९२ च्या कायद्याने कायदेमंडळातील सदस्यांना प्रश्न विचारण्याचा हक्क मिळाला, पण उत्तर ऐकून पुढचा प्रश्न विचारण्याची मुभा नव्हती. लोकमान्य टिळक मुंबईच्या कायदेमंडळात होते ते याच काळात, आणि गोपाळ कृष्ण गोखले आधी मुंबईच्या व मग मध्यवर्ती कायदेमंडळात गेले तेही याच नियमांखाली. सरकारला आकड्यांत गाठायचे तर गोखल्यांपुढे अर्थसंकल्पावरचे भाषण हाच खरा मार्ग होता. १९०२ पासूनच्या त्यांच्या भाषणांत आकड्यांचा एवढा भरणा का आहे, ते यावरून कळते. १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी उपप्रश्न आला, तोही फक्त मूळ प्रश्नकर्त्यापुरता. सर्व सदस्यांना तो मिळाला १९१९ च्या सुधारणांनंतर.

प्रश्नांचे मुख्य प्रकार तीन. ज्याचे उत्तर तोंडी हवे, त्यावर तारा छापतात, तो तारांकित. ज्याचे उत्तर लेखी पुरते, तो अतारांकित. विषय तातडीचा असेल तर नेहमीच्या मुदतीपेक्षा कमी वेळात विचारायचा तो अल्पसूचना प्रश्न, पण त्याला मंत्र्याची तयारी लागते. लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न यादीत घेतात. एका सदस्याचा एका दिवशी एकच तारांकित प्रश्न लागतो. पूर्वसूचना किमान १५ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते आणि यादीतला क्रम सोडतीने ठरतो. प्रश्न दीडशे शब्दांच्या आत असावा, त्यात युक्तिवाद, उपरोध किंवा कुणाची बदनामी नसावी, न्यायप्रविष्ट बाब नसावी, नुसते मत विचारलेले नसावे, असे नियम आहेत. मंत्रालयांचे गट पाडून आठवड्याचे दिवस त्यांना वाटून दिलेले असतात, म्हणून कोणत्या दिवशी कोणता मंत्री उभा राहणार हे आधीच ठाऊक असते.

महाराष्ट्राच्या विधिमंडळात प्रश्न लिहिण्याची एक ठरलेली घडण आहे, आणि ती बारकाईने पाहण्यासारखी आहे. सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय, अशी सुरुवात. पहिल्या भागात घटना: अमुक तालुक्यात अमुक काम निकृष्ट झाल्याचे अमुक महिन्यात निदर्शनास आले, हे खरे आहे काय. दुसरा भाग ‘असल्यास’ने सुरू होतो: या प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय. तिसरा पुन्हा ‘असल्यास’: चौकशीत काय आढळले व कोणती कारवाई केली. शेवटचा ‘नसल्यास’: विलंबाची कारणे काय आहेत. या पायऱ्यांमुळे मंत्र्याच्या सुटकेच्या वाटा एकेक करून बंद होत जातात. घटना मान्य केली की चौकशीबद्दल बोलावे लागते. चौकशी झाली म्हटले की कारवाई सांगावी लागते. काहीच झाले नसेल तर उशीर का, याचे उत्तर द्यावे लागते.

उत्तर लिहिणाऱ्या कक्ष अधिकाऱ्याला हे पुरेपूर माहीत असते. म्हणून छापील उत्तरांत ‘हे खरे नाही’ आणि त्यापुढे ‘प्रश्न उद्भवत नाही’ ही जोडी वारंवार भेटते. पहिला भाग नाकारला की उरलेले भाग आपोआप गळून पडतात. प्रश्नात तारीख, गावाचे नाव किंवा रक्कम जरा चुकली तरी एवढ्यावर सगळा प्रश्न निकालात काढता येतो. त्याहून चतुर उत्तर म्हणजे ‘हे अंशतः खरे आहे’. यात काय खरे आणि काय खोटे हे उपप्रश्न विचारल्याखेरीज कळत नाही. अनुभवी सदस्य म्हणूनच पहिल्या भागात वाद घालता येणार नाही एवढीच गोष्ट मांडतो आणि हातातला कागद उपप्रश्नासाठी राखून ठेवतो.

उपप्रश्नाला पूर्वसूचना नसते, या तासाचे सारे मर्म त्यात आहे. लेखी उत्तर खात्याने तयार केलेले असते, उपप्रश्नाला मंत्र्याला स्वतः उत्तर द्यावे लागते. अधिकाऱ्यांच्या गॅलरीतून चिठ्ठ्या येतात, हाती संभाव्य उपप्रश्नांची टिपणे असतात, तरी विषय आतून माहीत असलेला मंत्री कोण आणि केवळ टिपण वाचणारा कोण, हे दोन मिनिटांत सभागृहाला समजते. उत्तर समाधानकारक नसेल तर अध्यक्ष प्रश्न राखून ठेवतात आणि मंत्र्याला तयारी करून पुन्हा उभे राहावे लागते. खात्यासाठी ही मोठी नामुष्की असते. उपप्रश्न लांबत गेले की यादी मागे पडते. लोकसभेत वीसपैकी चार-पाच, फार तर सहा-सात प्रश्नच तोंडी उत्तरापर्यंत पोचतात. बाकीच्यांची उत्तरे लेखी स्वरूपात पटलावर जातात. यावर वेळ वाया गेल्याची टीका नेहमी होते, पण ती रास्त नाही. वीस प्रश्नांवरून घाईने पुढे जाण्यापेक्षा पाच प्रश्न तळाशी जाऊन विचारलेले बरे.

त्याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे मुंदडा प्रकरण. स्वतंत्र भारतात प्रश्नातून केंद्रीय अर्थमंत्र्यांच्या राजीनाम्यापर्यंत गेलेले ते पहिले प्रकरण, आणि त्याचा बराच भाग मुंबईत घडला. चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना जानेवारी १९५६ मध्ये आयुर्विमा व्यवसायाच्या राष्ट्रीयीकरणाला सुरुवात झाली. त्याच वर्षी मुंबईच्या प्रश्नावर देशमुखांनी राजीनामा दिला आणि त्यांच्या जागी टी. टी. कृष्णम्माचारी आले. १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ उभे राहिले, मुख्यालय मुंबईत. पुढच्या जूनमध्ये या महामंडळाने हरिदास मुंदडा या कोलकात्याच्या उद्योगपतीच्या सहा कंपन्यांचे शेअर सुमारे सव्वा कोटी रुपयांना विकत घेतले. भायखळ्याच्या कारखान्यामुळे मुंबईकरांच्या ओळखीची असलेली रिचर्डसन अँड क्रुडास ही त्यांतली एक. मुंदडांची आर्थिक स्थिती डळमळीत होती. महामंडळाच्या गुंतवणूक समितीला आधी विचारलेच नव्हते. पैसा सामान्य विमेदारांच्या हप्त्यांतून जमलेला होता.

वर्तमानपत्रांत कुजबूज सुरू झाली आणि सप्टेंबर १९५७ मध्ये लोकसभेत प्रश्न आला. विचारणारे राम सुभग सिंग काँग्रेसचेच. पहिल्या उत्तरातून फारसे काही हाती लागले नाही. नोव्हेंबरच्या अखेरीस विषय पुन्हा प्रश्नोत्तराच्या तासात आला, उपप्रश्न झाले, तरी उत्तरे मोघमच राहिली. सरकार मोकळेपणाने बोलत नाही, हे तेव्हा सभागृहाच्या ध्यानात आले. मोघम उत्तराने प्रकरण मिटत नाही, उलट ते पुढच्या आयुधाला वाट करून देते; नियमांची रचनाच तशी आहे. १६ डिसेंबर १९५७ रोजी फिरोज गांधींनी या व्यवहारावर चर्चा उपस्थित केली. ते रायबरेलीचे काँग्रेस खासदार आणि पंतप्रधान नेहरूंचे जावई. कोणते शेअर कोणत्या दिवशी कोणत्या भावाने घेतले, याची मांडणी त्यांनी इतक्या तयारीने केली, की चौकशी टाळणे सरकारला अशक्य झाले.

चौकशी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्याकडे सोपवली गेली. जानेवारी १९५८ मध्ये मुंबईत उघड सुनावणी झाली. गर्दी इतकी, की दालनाबाहेरच्या लोकांसाठी ध्वनिवर्धक लावावे लागले. खुद्द अर्थमंत्री, अर्थसचिव एच. एम. पटेल, रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर एच. व्ही. आर. अय्यंगार साक्षीला आले. महिन्याभरात अहवाल तयार झाला. सचिवाने केलेल्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याचीच असते, ती झटकता येत नाही, हा त्यातला निष्कर्ष आजही मंत्र्यांच्या जबाबदारीची चर्चा निघाली की आधाराला घेतला जातो. फेब्रुवारीत कृष्णम्माचारींनी राजीनामा दिला. अर्थसंकल्प तोंडावर आलेला. तो २८ फेब्रुवारी १९५८ रोजी पंतप्रधान नेहरूंनी स्वतः मांडला.

याच कृष्णम्माचारींनी सात वर्षांपूर्वी प्रश्न विचारण्याच्या हक्काची शुचिता राखण्याचे काम केले होते. १९५१ मध्ये हंगामी संसदेतील मुंबईचे सदस्य एच. जी. मुद्गल यांच्यावर बॉम्बे बुलियन असोसिएशनकडून पैसे घेऊन प्रश्न विचारल्याचा आरोप झाला. चौकशी समितीचे अध्यक्ष कृष्णम्माचारी होते. समितीने दोष शाबीत धरला. निष्कासनाचा निर्णय होण्याआधीच मुद्गलांनी राजीनामा दिला. हा धडा पुरला नाही. डिसेंबर २००५ मध्ये प्रश्नांसाठी पैसे घेतल्याबद्दल लोकसभेचे दहा आणि राज्यसभेचा एक, अशा अकरा सदस्यांचे सदस्यत्व गेले.

प्रश्न विचारण्याची कला ज्यांनी मेहनतीने घडवली, त्यांत मराठी माणसे ठळकपणे दिसतात. पुण्यात जन्मलेले आणि बिहारमधून लोकसभेवर गेलेले मधु लिमये नियमांचे पुस्तक आणि ग्रंथालय यांच्या बळावर मंत्र्यांना घाम फोडत. राजापूरचे नाथ पै आणि त्यांच्यानंतरचे मधु दंडवते याच परंपरेतले. कोकण रेल्वेसाठी सतत पाठपुरावा करणारे दंडवते १९७७ मध्ये स्वतः रेल्वेमंत्री झाले आणि उत्तर देणाऱ्यांच्या बाकावर बसले. महाराष्ट्र विधानसभेत सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा निवडून आले. त्यांतला बहुतेक काळ विरोधी बाकांवर काढूनही त्यांच्या अभ्यासाला मान होता. आरडाओरड न करता आकड्यांनी कोंडी करणाऱ्या या सदस्यांची कामगिरी आजच्या गोंधळी सभागृहांपुढे पुन्हा पुन्हा ठेवण्याजोगी आहे.

मंत्र्याने उत्तर देताना ‘तपासून पाहतो’, ‘बाब विचाराधीन आहे’, ‘माहिती घेऊन सांगतो’ असे म्हटले, तर ते हवेत विरत नाही. लोकसभेने १९५३ मध्ये शासकीय आश्वासनांची समिती नेमली. कोणते शब्द आश्वासन मानायचे, याची यादीच ठरलेली आहे. कार्यवृत्तांतातून अशी वाक्ये वेचून काढतात आणि तीन महिन्यांत पूर्ततेची अपेक्षा असते. मुदतवाढ हवी तर समितीकडे मागावी लागते. महाराष्ट्रातही आश्वासन समिती आहे. तिच्या अहवालांना वर्तमानपत्रांत जागा मिळत नाही, हे दुर्दैव. कुठले काम कुठे अडले याचा इतका नेमका माग दुसरीकडे क्वचितच सापडतो.

उत्तराने समाधान झाले नाही तर अर्धा तास चर्चा मागता येते. महाराष्ट्रात तातडीच्या सार्वजनिक बाबीसाठी लक्षवेधी सूचनेचा वापर भरपूर होतो. प्रत्यक्ष खर्चावर प्रश्न करण्याची वेळ अनुदानाच्या मागण्यांवरील चर्चेत येते. धोरणच अमान्य असेल तर मागणी एक रुपयावर आणावी, ठरावीक तक्रार मांडायची तर शंभर रुपयांनी कमी करावी, अशा कपात सूचना देता येतात. त्या बहुमतापुढे टिकत नाहीत, पण तेवढ्या निमित्ताने खात्याला बोलावे लागते. वेळ संपली की उरलेल्या मागण्या चर्चेविना एकदम मताला टाकतात.

खर्च होऊन गेल्यावर काम सुरू होते लोकलेखा समितीचे. केंद्रात ती १९२१ पासून आहे. आज तिच्यात लोकसभेचे पंधरा आणि राज्यसभेचे सात सदस्य असतात, मंत्री नसतो. १९६७ मध्ये मिनू मसानी अध्यक्ष झाले, तेव्हापासून हे पद विरोधी पक्षाकडे जाते. महालेखापरीक्षकांच्या अहवालावरून समिती सचिवांना बोलावते आणि बंद दाराआड साक्ष घेते. तिथे घोषणाबाजी नसते, पक्षभेद बोथट होतो आणि कागद समोर असतात.

सप्टेंबर २०२० मध्ये साथीच्या कारणाने संसदेचे अधिवेशन प्रश्नोत्तराच्या तासाविना झाले. अतारांकित प्रश्नांची लेखी उत्तरे चालू राहिली, उपप्रश्न मात्र थांबला. सभागृहात मिळणाऱ्या माहितीचा नागरिकाच्या हक्काशी थेट संबंध आहे. महाराष्ट्राने स्वतःचा माहिती अधिकार कायदा २००२ मध्ये केला. केंद्राचा २००५ मध्ये आला. केंद्राच्या कायद्याच्या मूळ कलम ८(१) मध्ये एक परंतुक होते: जी माहिती संसदेला किंवा राज्य विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही.