वजनकाट्याने नाकारलेला रँडल

टेक्सासच्या दक्षिणेला, किंग रँचच्या अफाट कुरणांना लागून किंग्जव्हिल हे छोटे शहर आहे. तिथल्या, तेव्हा टेक्सास ए अँड आय असे नाव असलेल्या विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल संघ त्या भागातल्या जॅव्हलिना या रानडुकरासारख्या प्राण्याच्या नावाने ओळखला जाई. संघ दुसऱ्या श्रेणीतला. टीव्हीचे कॅमेरे आणि मोठ्या क्लबांचे निवडकर्ते पहिल्या श्रेणीतल्या बड्या विद्यापीठांकडे जात, इकडे क्वचित. जॉन रँडल १९८९मध्ये या संघातून खेळत होता.

त्याचा जन्म १९६७चा, ममफर्ड नावाच्या खेड्यातला. घरी गरिबी होती. आधी ट्रिनिटी व्हॅली हे दोन वर्षांचे कम्युनिटी कॉलेज, मग किंग्जव्हिल, असा त्याचा रस्ता. एप्रिल १९९०मध्ये एनएफएल या व्यावसायिक लीगचा ड्राफ्ट, म्हणजे नव्या खेळाडूंची निवड, झाली. बारा फेऱ्यांत क्लबांनी तीनशेहून अधिक तरुण निवडले. त्यांत रँडल नव्हता.

कारण सरळ होते. बचावफळीच्या मधोमध उभा राहणारा डिफेन्सिव्ह टॅकल समोरच्या तीनशे पौंडी गार्डना रेटतो. रँडलची उंची सहा फूट एक इंच आणि वजन जेमतेम २५० पौंडांच्या आसपास. थोरला भाऊ एर्विन टँपा बेच्या संघात लाइनबॅकर होता, म्हणून तिथे चाचणीची संधी मिळाली. लहानखुरा म्हणून त्यांनीही त्याला घेतले नाही. मिनेसोटा व्हायकिंग्जकडे वजन करायची वेळ आली तेव्हा त्याने कपड्यांखाली साखळी बांधली आणि काट्यावर उभा राहिला.

हा किस्सा अमेरिकेत फार आवडीने सांगितला जातो. मला मात्र त्यानंतरचा काळ अधिक महत्त्वाचा वाटतो. साखळीने फक्त दार उघडले. १९९०च्या हंगामात त्याच्या नावावर एकच सॅक लागला. (चेंडू फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला मागे पाडणे म्हणजे सॅक, दोघांनी मिळून पाडले तर प्रत्येकी अर्धा.) पुढच्या वर्षी साडेनऊ. १९९२मध्ये जॉन टीअरलिंक हे बचावफळीचे प्रशिक्षक आले आणि रँडलच्या वेगाला हातांचे तंत्र मिळाले. चेंडू हलताक्षणी पहिले पाऊल, समोरच्याचे हात झटकणे, गिरकी घेऊन मोकळ्या फटीत शिरणे. कुस्तीत बुटका मल्ल उंच गड्याच्या पटात शिरतो, तसा तो गार्डच्या छातीखालून घुसे. ज्या उंचीपायी त्याला नाकारले होते, तीच आता समोरच्याची अडचण झाली.

१९९२ ते १९९९ अशी सलग आठ वर्षे त्याने दहा किंवा त्याहून जास्त सॅक केले. १९९७मध्ये १५.५ सॅकसह तो साऱ्या लीगमध्ये पहिला आला. कडेने धावणाऱ्या डिफेन्सिव्ह एंडला मोकळी जागा मिळते, मधल्या टॅकलवर बहुधा दोघे जण तुटून पडतात. हे लक्षात घेतले की या आकड्यांचे मोल कळते.

डोळ्यांभोवतीचा काळा रंग आणि तोंडाचा पट्टा यांमुळे तो घराघरांत पोचला. प्रतिस्पर्ध्यांच्या माहितीपुस्तिका तो आधीच वाचून ठेवी आणि त्यांतल्या तपशिलांवरून मैदानात त्यांना डिवचत राही. ग्रीन बेचा क्वार्टरबॅक ब्रेट फाव्र हे त्याचे आवडते लक्ष्य. या गोंगाटाने त्याच्या कारागिरीवर अन्याय केला, असे माझे मत आहे. तोंडाने कोणी क्वार्टरबॅकपर्यंत पोचत नाही.

विजेतेपद मात्र हुकले. १९९८च्या हंगामात व्हायकिंग्जनी साखळीतले १६पैकी १५ सामने जिंकले आणि सुपर बोल या अंतिम सामन्याच्या उंबरठ्यावर अटलांटाकडून जादा वेळेत ३०-२७ असे हरले. २००१मध्ये तो सिॲटलला गेला. अकरा हंगाम अंगावर घेतलेल्या त्या शरीराने तिथेही पहिल्याच वर्षी अकरा सॅक केले. २००३नंतर तो थांबला. १४ हंगाम, १३७.५ सॅक, प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी सात वेळा निवड. २०१०मध्ये कँटनच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला, तेव्हा त्याचा परिचय करून द्यायला टीअरलिंकच उभे होते.

मधल्या जागेवरचा या पिढीतला सर्वश्रेष्ठ म्हणून ॲरन डोनाल्डचे नाव घेतले जाते. २०२३च्या हंगामानंतर निवृत्त झाला तेव्हा त्याचे सॅक होते १११. ड्राफ्टमध्ये कोणीही न निवडलेला किंग्जव्हिलचा रँडल त्याच्याही साडेसव्वीस पुढे आहे.