चिकटवहीच्या पानाची किनार

आपल्या प्राथमिक शाळांतून मुले चिकटवह्या हौसेने तयार करतात. झाडांची पाने, पक्ष्यांची पिसे, टपालाची तिकिटे, वर्तमानपत्रांतील चित्रे असा नाना प्रकारचा संग्रह त्यांत असतो. परंतु पानाभोवती किनार काढण्याची वेळ आली की ते काम पुष्कळदा शिक्षक स्वतःच उरकून टाकतात. तपासणीच्या दिवशी वही नेटकी दिसते हे खरे. पण तीत मुलाचे असे काय उरले, हा प्रश्न राहतोच. किनार ही केवळ शोभेची वस्तू नव्हे. मोजणे, समान भाग पाडणे, क्रम सांभाळणे आणि हात आवरणे या चारही गोष्टींचा अभ्यास तीत एकत्र होतो. म्हणून ती मुलांकडूनच करवून घ्यावी.

किनार बिघडते ती बहुधा कोपऱ्यात. मूल डावीकडून फुले काढीत जाते आणि अखेरीस अर्ध्या फुलापुरतीच जागा उरते. हा दोष हाताचा नसून मापाचा असतो. याकरिता पुढील रीत उपयोगी पडेल.

ए-फोर आकाराचा कागद २१ सेंटिमीटर रुंद व २९.७ सेंटिमीटर लांब असतो. शिवणीच्या बाजूस २ सेंटिमीटर व समोरच्या बाजूस १ सेंटिमीटर जागा सोडावी, म्हणजे रुंदी १८ सेंटिमीटर राहते. वर आणि खाली मिळून ३.७ सेंटिमीटर सोडल्यास लांबी २६ सेंटिमीटर राहते. या आयताच्या कडेने आतील बाजूस २ सेंटिमीटरचे चौकोन पेन्सिलीने हलकेच आखावेत. आडव्या बाजूस ९ व उभ्या बाजूस १३ चौकोन बसतात. कोपरे दोनदा न मोजता एकूण ४० चौकोन होतात. ही बेरीज मुलांनाच करू द्यावी; बहुतेकांचे उत्तर प्रथम ४४ येईल, आणि चूक कोठे झाली हे ती पान पाहून स्वतःच ओळखतील.

आता एका चौकोनात फूल व पुढच्यात पान असा क्रम धरावा. ९ व १३ या विषम संख्या असल्यामुळे चारही कोपऱ्यांत फूलच येते. बाजूचे चौकोन सम झाले तर एका टोकास फूल व दुसऱ्या टोकास पान येऊन पडते. सम-विषम संख्यांचा पाठ याहून प्रत्यक्ष रीतीने क्वचितच देता येईल.

पहिली-दुसरीच्या मुलांकडून ठशांचे काम घ्यावे. बोटाएवढ्या जाड भेंडीचा आडवा काप बहुधा पाच पाकळ्यांचे फूल उमटवतो. पानासाठी बटाट्याचा तुकडा शिक्षकांनी कोरून द्यावा व फडक्याने टिपून घ्यावा. ओल राहिल्यास रंग पसरतो. बशीत फडक्याची घडी ठेवून तीवर रंग ओतावा. गेरू डिंकाच्या पाण्यात कालवल्यास चांगला टिकाऊ रंग होतो. हळदीचा रंग मात्र उन्हाने लवकर फिका पडतो. प्रत्येक कोपऱ्यावर वही पाव फेरा वळवावी, म्हणजे सर्व पानांची टोके एकाच दिशेने धावतात. किनार वाळल्यावरच मध्यभागी वस्तू चिकटवाव्यात. खळीने सुरकुतलेल्या कागदावर ठसा नीट उमटत नाही.

तिसरी-चौथीच्या मुलांनी नमुने छापील पुस्तकांतून गिरवण्याचे कारण नाही. घरच्या लुगड्यांचे काठ त्यांनी पाहावेत. विदर्भातील करवती काठ म्हणजे करवतीच्या दातांसारख्या त्रिकोणांची ओळच होय. वारली घरांतील लग्नचौकाची किनारही साध्या रेषांनी व त्रिकोणांनीच भरलेली असते. अंगणातील ठिपक्यांची रांगोळी तर प्रत्येक मुलाच्या परिचयाची आहे.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. बांध हा शेतासाठी असतो, तद्वत किनार ही पानासाठी असते. वरील मापाने आत १४ सेंटिमीटर रुंद व २२ सेंटिमीटर लांब जागा राहते. तीहून अधिक जागा किनारीने व्यापू नये. आणि पहिली किनार वाकडी आली तरी ते पान फाडू नये. वर्षाअखेरीस पहिले व शेवटचे पान शेजारी ठेवले असता मुलाला आपली प्रगती आपल्याच डोळ्यांनी दिसते. शिक्षकांनी काढलेली सुबक किनार त्याला हे समाधान कधीच देऊ शकणार नाही.